मुलगा ऑफिसला गेला की तुम्हीही बाहेर पडा

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की माझी लेक डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला असते, आणि आम्ही दोघं तिच्याकडे गेलो की ती कामावर गेल्यानंतर बस-मेट्रोनं आपले आपण शहर फिरतो. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली बहुतेक सोलापूरचीच. कुणाचा मुलगा तिकडे, कुणाची सून. जवळजवळ प्रत्येक पत्रात एकच धास्ती होती : एवढ्या लांब जायचं आणि दिवसभर चार भिंतींत बसून संध्याकाळी मुलाची वाट बघायची. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण तसं बसायची काहीच गरज नाही. माझी सगळी नोकरी एसटीच्या सोलापूर आगारात गेली, शेवटी वाहतूक नियंत्रक होतो. प्रवासी कुठे अडखळतो हे मी खिडकीच्या आतून पाहिलंय. त्यामुळे उत्तरं थोडी तपशिलात देतोय.

*काका, मे महिन्यात आम्ही दोघं मुलाकडे जातोय. तो आणि सूनबाई सकाळी आठच्या आत बाहेर पडतात. आमचं इंग्रजी बेताचं. तिकडे बसमध्ये कंडक्टर नसतो म्हणे. मग तिकीट कुणाकडून काढायचं? आणि कुणी अडवलं तर काय सांगायचं?*
— एक वाचक, जुळे सोलापूर

कंडक्टर नसतो हे खरं. मेट्रो स्टेशनवर फाटकही नसतं. तुम्ही रस्त्यावरून चालत आत शिराल, सरकत्या जिन्यानं खाली जाल, गाडी येईल, दार उघडेल आणि तुम्ही आत. मधे कुणीही अडवणार नाही. नवीन माणूस फसतो तो इथेच. आपल्याकडे बसमध्ये चढलं की तिकीट देणारा आपल्यापर्यंत येतो. तिथे गाडीत पाय ठेवण्याआधी तिकीट तुमच्याजवळ असलंच पाहिजे. तपासनीस कधीही येतात, आणि तिकीट नसेल तर जबर दंड बसतो. ‘पाहुणा आहे, माहीत नव्हतं’ हे ते ऐकून घेत नाहीत. म्हणून पहिला नियम हा : आधी तिकीट, मग गाडी.

आता चांगली बाजू. एकदा तिकीट काढलं की ते मेट्रो, एस-ट्रेन (म्हणजे तिथली लोकल), बस आणि बंदरातली बोट, सगळ्याला चालतं. शहराचे झोन पाडलेत. तिकिटावर झोन आणि वेळ असते. ती वेळ संपेपर्यंत त्या झोनमध्ये कितीही वाहनं बदला. सुरुवातीच्या दिवसांसाठी ‘सिटी पास’ घ्या. तो २४, ४८, ७२, ९६ किंवा १२० तासांचा मिळतो. लहान पास १ ते ४ झोनचा असतो. त्यात मुख्य शहर आणि विमानतळ दोन्ही येतात. पास हातात असला की चुकीच्या बसमध्ये चढण्याची भीती जाते. चुकलं तर पुढच्या थांब्यावर उतरायचं आणि समोरच्या बाजूची बस पकडायची, पैसे वाया जात नाहीत. नवख्या माणसाला ही मोकळीक फार मोलाची. नंतर राहणं लांबणार असेल तर मुलाला महिन्याच्या पासाची चौकशी करायला सांगा. नातवंडं सोबत असतील तर हेही लक्षात ठेवा : बारा वर्षांच्या आतली दोन मुलं एका मोठ्या माणसाच्या तिकिटावर फुकट येतात.

भाषेचं मनावर घेऊ नका. तिथली स्टेशनांची नावं उच्चारायला अवघड, पण मेट्रोच्या लाइनींना आकडा आणि रंग आहे : एम-१ हिरवी, एम-२ पिवळी, एम-३ लाल, एम-४ निळी. आमच्या घरच्यांना नावं लक्षात राहायची नाहीत, त्या रंगांवर चालायच्या आणि कधी अडल्या नाहीत. तुम्हीही एका वहीत तीन गोष्टी लिहून ठेवा : घराजवळचं स्टेशन कुठलं, लाइन कुठली, आणि घराकडे येताना फलाटावर कुठल्या शेवटच्या स्टेशनचं नाव दिसलं पाहिजे. हा तिसरा मुद्दा महत्त्वाचा, कारण गाडीवर आणि फलाटावर शेवटच्या स्टेशनचंच नाव लागतं. आपण एसटीची पाटी बघतो तसंच. वही खिशात ठेवा. थंडीत फोनची बॅटरी लवकर उतरते.

मेट्रोला ड्रायव्हर नसतो. २००२ साली सुरू झाली तेव्हापासून ती आपोआपच चालते. अगदी पुढच्या डब्यात काचेजवळ जागा मिळाली तर बसा, समोरचा बोगदा आणि येणारं स्टेशन दिसत राहतं. लाल लाइन म्हणजे एम-३, ही गोल फिरते. १७ स्टेशनं आणि पूर्ण फेरा २४ मिनिटांत. २०१९ साली ती सुरू झाली. पहिल्या दिवशी सरळ तिच्यात बसा आणि एक फेरा मारा. जिथून बसलात तिथेच परत याल, म्हणजे हरवायचा प्रश्नच येत नाही. धीर यायला याहून सोपा उपाय माझ्याजवळ नाही. मेट्रो रात्रभर चालते, दिवसा दोन-चार मिनिटांना गाडी येते. त्यामुळे धावत पकडायची गरज नाही. दार लागत असेल तर मागे व्हा.

बसला पुढच्या दारानं चढायचं, मधल्या दारानं उतरायचं. आपला थांबा यायच्या आधी दांड्यावरचं लाल बटण दाबा. कुणी दाबलं नाही आणि थांब्यावर कुणी उभं नसेल तर बस पुढे निघून जाते.

*आमचं विमान रात्री उशिरा उतरतं. मुलाला त्या वेळी यायला जमणार नाही. सोबत चार बॅगा, त्यात चटण्या, भाकरी, चादरी. टॅक्सी करावी का? मीटर फिरवून ठेवतात का?*
— एक भगिनी, होटगी रोड

चार बॅगा आणि रात्रीची वेळ असेल तर टॅक्सी करा, त्यात कमीपणा काही नाही. टर्मिनलच्या बाहेर टॅक्सीची रांग असते. तिथे भाव ठरवायची पद्धत नाही, मीटरप्रमाणेच पैसे. पण रात्रीचा आणि सुट्टीच्या दिवसाचा दर दिवसापेक्षा जास्त असतो आणि टॅक्सी एकूणच फार महाग पडते. तिथलं नाणं क्रोन, आणि एका क्रोनला आपले दहा रुपयांच्या वर लागतात, हे मीटर बघताना ध्यानात ठेवा. पैसे कार्डानं देता येतात. वर टिप द्यावी लागत नाही. पावती मागून घ्या. गाडीत काही विसरलं तर तीच कामाला येते. रस्त्यावर टॅक्सी हवी असेल तर वरचा दिवा पेटलेली बघून हात करा. लहान मूल सोबत असेल तर टॅक्सी मागवतानाच मुलाची सीट हवी म्हणून सांगा.

तिथली टॅक्सी कायद्यानं घट्ट बांधलेली आहे. २०१७ साली नवीन टॅक्सी कायदा झाला, प्रत्येक गाडीत मीटर आणि सीटचा सेन्सर सक्तीचा झाला, तेव्हा उबरनं तिथला धंदाच बंद केला होता. रात्री एकट्या बाईनं बसायला मला तिथे भीती वाटत नाही, ती या शिस्तीमुळे.

सामान कमी असेल तर मात्र मेट्रोनं जा. विमानतळावरून दोन सोयी आहेत, मेट्रो आणि रेल्वे. रेल्वेही पंधरा मिनिटांत मुख्य स्टेशनला पोचते, पण त्याच स्टेशनवरून दुसऱ्या बाजूच्या गाड्या समुद्रावरच्या पुलावरून स्वीडनला जातात. हा ओरेसुंड पूल २००० साली सुरू झाला. चुकून त्या गाडीत बसलात तर पुढचं स्टेशन दुसऱ्या देशातलं, आणि तुमचं तिकीट तिथे चालत नाही. मेट्रोचं विमानतळ हे शेवटचं स्टेशन आहे. तिथून सुटणारी प्रत्येक गाडी शहराकडेच जाते. थकलेल्या, झोप न झालेल्या माणसानं निवडायची ती हीच. ती रात्रीही असते, फक्त थोडी जास्त वाट बघावी लागते.

*मी ५८ वर्षांची आहे. शाळेत असताना सायकल चालवायचे, लग्नानंतर सुटली. माझी मुलगी सांगते की तिकडे साठीच्या बायका सायकलवर बाजारहाट करतात. मलाही करायचंय. मिस्टर म्हणतात, नको, पडशील. काका, काय करू?*
— एक भगिनी, विजापूर रोड

ताई, जरूर करा. तुमच्या पत्रानं मला सगळ्यात जास्त आनंद झाला. फक्त घाई करू नका, आणि मी सांगतो ते मिस्टरांनाही वाचून दाखवा.

कोपनहेगनमध्ये सायकलसाठी मोटारीपासून वेगळी वाट असते. रस्त्यापेक्षा चार बोटं उंच, आणि पादचाऱ्यांच्या फुटपाथपेक्षा थोडी खाली, अशा तीन पायऱ्या असतात. मोटार त्या कडेवर सहज चढत नाही. असे साडेतीनशे किलोमीटरहून जास्त मार्ग शहरात आहेत. चौकात ती वाट निळ्या रंगानं रंगवतात, म्हणजे वळणाऱ्या मोटारवाल्याला सायकल कुठून येणार ते दिसावं. मोटारींची थांबायची रेघ सायकलींच्या रेघेपेक्षा मागे असते. काही ठिकाणी सिग्नलपाशी एक दांडा आणि खाली पाय टेकायला पट्टी लावलीय, सीटवरून न उतरता उभं राहायला. सायकलवाल्या माणसाचा इतका बारकाईनं विचार केलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

आता सायकल. हे नीट ऐका. तिथल्या बऱ्याच सायकलींना मागच्या चाकाचा ब्रेक पायात असतो. पेडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो. आपल्याला सवय असते, उतारावर किंवा थांबताना पाय उगीच मागे फिरवायची. तिथे तसं केलंत तर चाक जागीच अडेल आणि तोल जाईल. म्हणून पहिल्या दिवशी सायकल हातात आली की उभ्यानंच मागचं चाक उचलून पेडल पुढे-मागे करून बघा. मग मोकळ्या जागेत हळूहळू चालवून ब्रेक लावायचा सराव करा, पाय सरावेपर्यंत. निघायच्या आधी पेडल हव्या त्या जागी आणायचं तर उलटं फिरत नाही, मागचं चाक थोडं उचलून, पेडल पुढे फिरवून ते वर आणावं लागतं. माझ्या लेकीनं आईला शिकवताना दोन दिवस फक्त एवढंच करून घेतलं आणि ते योग्यच होतं.

कुलूप मागच्या चाकावर गोल कड्यासारखं असतं. किल्ली फिरवून खटका खाली ओढायचा. किल्ली काढून घेतली की झालं. सीट अशी लावून घ्या की बसल्या बसल्या दोन्ही पायांची बोटं जमिनीला टेकतील. साडी नको. पंजाबी ड्रेस चालेल, पण ओढणी पिशवीत ठेवा. मागच्या चाकावर जाळी बसवलेली सायकल मिळाली तर तीच घ्या. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा अंधार पडल्यावर सक्तीचा, घंटीही सक्तीची. डिसेंबरात तर दुपारी चारच्या आत अंधार होतो. हेल्मेटची सक्ती नाही, पण तुम्ही घालाच.

रस्त्याचे नियम आपल्या उलट आहेत, वाहनं उजव्या बाजूनं चालतात. सायकलवरही उजवीकडे राहा, पुढे जाणारे तुमच्या डावीकडून जातात. सकाळी साडेसात ते नऊ सायकलींचा लोंढा असतो आणि वेग चांगलाच असतो, त्या वेळी तुम्ही नका निघू. दहानंतर निघा. थांबायचं असेल तर एक हात वर करून मागच्याला दाखवा. वळायचं असेल तर त्या बाजूचा हात आडवा करा. डावीकडे वळताना मोटारीसारखं रस्त्याच्या मधे जायचं नाही, सायकलला ती मनाई आहे. चौक सरळ ओलांडायचा, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबायचं, सायकल डावीकडे वळवायची आणि समोरचा सिग्नल हिरवा झाला की जायचं. दोन टप्प्यांत होतं, पण सुरक्षित होतं.

बस थांबली आणि माणसं थेट सायकलच्या वाटेवर उतरत असतील तर तुम्ही थांबायचं, त्यांना आधी जाऊ द्यायचं. आणि मालट्रक उजवीकडे वळत असेल तर त्याच्या बाजूला कधीही उभ्या राहू नका. ड्रायव्हरला ती बाजू दिसत नाही. तिथले सायकलींचे सगळ्यात वाईट अपघात याच वळणावर होतात. दिवा हिरवा असला तरी मागे थांबा, ट्रक जाऊ द्या. हे मी आगारात शेकडो ड्रायव्हरांना सांगितलंय आणि तुम्हालाही तेवढ्याच कळकळीनं सांगतो.

दमलात तर सायकल घेऊन लाल रंगाच्या एस-ट्रेनमध्ये चढा. २०१० पासून तिच्यात सायकल फुकट आहे. ज्या डब्यावर सायकलचं मोठं चित्र, त्यात. फक्त नोरेपोर्ट या गजबजलेल्या स्टेशनवर गर्दीच्या वेळी सायकल चढवता-उतरवता येत नाही. मेट्रोत सायकलचं वेगळं तिकीट लागतं आणि गर्दीच्या तासांत ती नेऊ देत नाहीत. स्वतःची सायकल नसेल तर रस्तोरस्ती भाड्याच्या नारिंगी सायकली दिसतील, त्या फोनवरून उघडतात. मुलीला एकदा दाखवायला सांगा.

*माझे गुडघे दुखतात. जिने चढवत नाहीत. शिवाय नातवाची बाबागाडी ढकलायची असते. मग मेट्रो माझ्या कामाची नाही ना?*
— एक वाचक, अशोक चौक

उलट तुमच्याच कामाची आहे. प्रत्येक मेट्रो स्टेशनला रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्ट आहे, आणि डब्याची पायरी फलाटाच्या पातळीला असते. एक मात्र सांभाळा : बाबागाडी घेऊन रस्ता ओलांडायला उभे राहाल तेव्हा सायकलच्या वाटेवर उभे राहू नका, तिच्या अलीकडे फुटपाथवर थांबा. आपली मान सवयीनं आधी उजवीकडे वळते. तिथे अलीकडच्या बाजूची सगळी वाहनं डावीकडून येतात, आणि त्यांत पहिली सायकल येते, आवाज न करता. डावीकडे बघा, मग पुढे व्हा. मोटार एकही नसली तरी पादचाऱ्याचा दिवा हिरवा होईपर्यंत तिथे बहुतेक लोक थांबतात, तुम्हीही थांबा.

*मी इंजिनिअरिंगला आहे. कोपनहेगन श्रीमंत आहे म्हणून तिथे जमलं. सोलापुरात सायकलचे रस्ते होणं शक्य आहे का, खरं सांगा.*
— एक विद्यार्थी

पैशानं झालं हे अर्धंच खरं. महायुद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या आणि सायकली मागे पडल्या होत्या. १९७३ साली तेलाचे भाव भडकले, सरकारला रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. त्यानंतर लोक सायकल घेऊन रस्त्यावर उतरले, मोर्चे काढले, सुरक्षित वाट मागितली. महापालिकेनं एकेक रस्ता घेत पुढची कित्येक दशकं ते काम चालू ठेवलं. आजही बर्फ पडला की मुख्य सायकलमार्ग पहाटे आधी साफ करतात. नोरेब्रोगेडे रस्त्यावर सिग्नल असे लावलेत की ताशी २० किलोमीटरनं जाणाऱ्या सायकलला गर्दीच्या वेळी ओळीनं हिरवे मिळावेत. यात श्रीमंतीपेक्षा सायकलवाल्याला आधी धरायचा निर्णय मोठा आहे.

आपलं गाव तर बऱ्यापैकी सपाट. गिरणीचा भोंगा झाला की सायकलींची रांग लागायची, हे जुन्या सोलापूरकरांना सांगायला नको. मला विचाराल तर नुसता पांढरा पट्टा मारून उपयोग नाही, त्यावर तासाभरात गाड्या उभ्या राहतात. चार बोटांची ती कड हवी. आणि आपल्या उन्हात वर झाडं हवीत, त्याशिवाय एप्रिलमध्ये कुणी सायकल काढणार नाही. एखाद्या शाळेच्या रस्त्यापासून सुरुवात करा. तुम्ही इंजिनिअर होणार आहात, तो रस्ता मोजून, नकाशा काढून महापालिकेकडे घेऊन जा. पत्र लिहिलंत तर मीही तुमच्यासोबत येईन.

*बोटीचं आपण लिहिलं होतं. ती पर्यटकांची महागडी बोट का? वेगळं तिकीट लागतं का?*
— एक वाचक, बाळीवेस

बंदरात दोन प्रकारच्या बोटी आहेत. गाइड माहिती सांगतो ती पर्यटकांची, तिचे पैसे वेगळे. मी लिहिलं ती शहराची हार्बर बस. तिचे नंबर ९९१ आणि ९९२, एकाच मार्गाच्या दोन दिशा. ती बॅटरीवर चालते. तुमचा पास किंवा झोनचं तिकीट तिला तसंच चालतं. न्यूहाव्न नावाचा रंगीत घरांचा जुना धक्का आहे, तिथे चढा. समोर ऑपेराची इमारत दिसते, आणि दुसऱ्या दिशेला ग्रंथालयाची काळ्या दगडाची. न्यूहाव्नला यायला कोंगेन्स न्यूटोर्व हे मेट्रो स्टेशन जवळ आहे, तिथे चारही लाइनी थांबतात. बोटीच्या मागच्या बाजूला उघड्यावर बसायला मिळतं, पण मे महिन्यातही वारा बोचरा असतो. सोलापुरातून निघताना उन्हाळा बघून स्वेटर घरी ठेवू नका. कानटोपीही घ्या.